जुन्या पिकअपचा थर्मोस्टॅट आणि तो बदलणारा हात



आज सकाळी आपल्या घरी आलेली मेथीची जुडी किंवा दुधाची पिशवी बहुधा एखाद्या जुन्या पिकअपच्या हौद्यातून आली असेल. अशा गाडीच्या इंजिनात मुठीत मावेल एवढी एक धातूची वस्तू असते. तिचे नाव थर्मोस्टॅट. तिच्यावर एक अख्खे व्याख्यान द्यावे असे तिच्यात काय आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, ही वस्तू दुकानात काहीशे रुपयांना मिळते. परंतु कित्येक गाड्यांत ती अशा अडचणीच्या जागी बसविलेली असते की, तिच्यापर्यंत हात पोहोचविण्यातच अर्धा दिवस निघून जातो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणी द्यावयाचे, याचा निकाल लागत नाही. म्हणून पुष्कळ जुन्या गाड्या थर्मोस्टॅटवाचूनच धावत आहेत आणि मालकाला न कळत झिजत आहेत.

मी इंजिनिअर नव्हे. माझे शिक्षण शाळेतच थांबले. पुढचे जे काही पदरात पडले ते वाचनालयात आणि गॅरेजच्या ओट्यावर. वाहतूक व गॅरेज कामगारांची संघटना बांधीत असताना मिस्त्री लोकांच्या शेजारी बसून जे पाहिले आणि त्याची कारणे शोधण्यासाठी जे वाचले, तेवढ्याच भांडवलावर मी बोलणार आहे.

प्रथम इंजिनाकडे पाहू. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला तृतीयांश इंजिनाच्या भिंती तापवितो. या भिंतींमधून पाणी खेळविलेले असते. पंप ते पाणी फिरवितो, रेडिएटरमध्ये ते निवते आणि पुन्हा इंजिनात येते. इथवर सर्वांना ठाऊक असते. परंतु यावरून एक गैरसमज होतो की, इंजिन जितके गार तितके चांगले. वस्तुतः तसे नाही. इंजिनालाही भाकरीच्या तव्यासारखी ठरावीक आच लागते. तवा गार असेल तर भाकरी चिकटते, फार तापला तर करपते. साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस या पट्ट्यात पाणी राहिले म्हणजे तेल योग्य तितके पातळ होते, डिझेल नीट जळते आणि पिस्टन व सिलिंडर यांच्यातले अंतर बरोबर जुळते. थर्मोस्टॅट हा या पट्ट्याचा राखणदार आहे. पाणी गार असेतोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी तापले की वाट उघडतो.

हे तो कसे करतो? त्याला वीज लागत नाही, तार लागत नाही, कोणाचा हुकूमही लागत नाही. त्याच्या पोटात पितळेची एक लहानशी डबी असते आणि डबीत मेण भरलेले असते. मेणातून उष्णता लवकर पसरावी म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळतात. घन मेण वितळून पातळ झाले की ते फुगते. डबीला दुसरीकडे जागा नसल्यामुळे ते एका रबरी आवरणातून पोलादी काडीला रेटा देते, आणि त्या रेट्याने झडप उघडते. पाणी निवले, मेण आखडले की स्प्रिंग झडप बंद करते. कोणत्या अंशाला वितळणारे मेण भरावयाचे हे कारखान्यात ठरते, आणि तो आकडा, 82 किंवा 88 असा, थर्मोस्टॅटवर ठोकलेला असतो. तेवढ्या अंशाला झडप उघडू लागते. पुरती उघडावयास आणखी दहा-पंधरा अंश लागतात. मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्ने या गृहस्थाने 1934 साली शोधली. त्यापूर्वीच्या गाड्यांत लवकर उकळणारा द्रव भरलेली भात्यासारखी डबी असे. पुढे रेडिएटरमधले पाणी दाबाखाली ठेवू लागले. त्या दाबाने भाता दबून जाई. मेण मात्र दाबाला फारसे जुमानीत नाही.

थर्मोस्टॅट हे नाव मात्र याहून पुष्कळ जुने आहे, आणि त्याचा इतिहास माझ्यासारख्या संघटनेच्या माणसाला मोठा चवदार वाटतो. ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ अँड्रू यूर याने 1830 साली दोन धातूंच्या पट्ट्या जोडून केलेल्या उष्णतानियंत्रकाचे पेटंट घेतले. कापडाच्या गिरणीत हवा एका ठरावीक उष्णतेची लागते, ती माणसाच्या देखरेखीवाचून राखता यावी, हा त्यामागचा विचार. या यूरसाहेबानेच 1835 साली कारखानदारीच्या तत्त्वज्ञानावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने केलेल्या स्वयंचलित सूतकताई यंत्राचे कौतुक केले आहे. सूत कातणाऱ्या कामगारांच्या संपांना कंटाळून गिरणीमालकांनीच ते यंत्र करवून घेतले होते, आणि यंत्र आले की हट्टी कामगाराचा हात नरम येतो, असे यूरचे मत होते. कार्ल मार्क्सने 1867 च्या आपल्या ‘कॅपिटल’मध्ये या यूरचा चांगलाच समाचार घेतला आहे. मला त्या वादात आज शिरावयाचे नाही. एवढेच नमूद करतो की, देखरेखीला माणूस नको म्हणून जी वस्तू जन्माला आली, ती बिघडल्यावर बदलावयास मात्र माणूसच लागतो. आणि आपल्या विषयातल्या गाड्यांत तर त्या माणसाचा हात कोपरापर्यंत सोलून निघतो.

आता बिघाड. तो दोन तऱ्हांचा असतो. डबीचे रबर फाटून मेण गळून गेले, तर काडीला रेटा देणारे कोणी उरत नाही आणि स्प्रिंग झडप कायमची बंद ठेवते. मग खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढता चढता काटा लाल खुणेवर जातो. दुसरी तऱ्हा झडप उघडी राहून अडकण्याची. याला बहुधा आपले पाणी कारणीभूत असते. कारखान्याने सांगितलेले कूलंट महाग म्हणून बोअरचे पाणी ओतावयाचे ही आपली रीत. त्या पाण्यातला क्षार आतून पापुद्र्यासारखा चढतो, त्यात लोखंडाचा गंज मिसळतो, आणि झडपेच्या कडेला असा थर बसतो की ती धड मिटत नाही. आपल्या घरच्या पाणी तापविण्याच्या भांड्यात जो पांढरा थर दिसतो, तोच हा. झडप उघडी राहिली तर गाडी रस्त्यात थांबत नाही, म्हणून हा बिघाड कोणाला बिघाडच वाटत नाही. निफाडकडच्या थंडीत पहाटे द्राक्षांचे क्रेट भरून निघालेली गाडी दहा-पंधरा किलोमीटर गेली तरी काटा जागचा हलत नाही, धूर जास्त येतो, डिझेल जास्त जाते. मालक म्हणतो, गाडी गार चालते, उत्तम आहे!

ती गार चालते म्हणजे काय होते? अर्धवट जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि तिथला तेलाचा पातळ थर धुऊन काढते. जळताना जी वाफ तयार होते, ती गार भिंतीवर पाणी होऊन बसते. इंधनातल्या गंधकाशी मिळून तिचे आम्ल होते आणि ते भिंत खाते. गरम इंजिनात ही वाफ धुराबरोबर निघून जाते. म्हणूनच सतत गार चालणाऱ्या इंजिनाचे पिस्टन आणि रिंगा वेळेआधीच कामाला येतात. हे नुकसान हळूहळू होते, आणि हळूहळू होणाऱ्या नुकसानीची फिर्याद कोणी करीत नाही. आमच्या धंद्यात कामगाराच्या फुप्फुसाचेही असेच असते, पण तो विषय निराळा.

यातूनच आपल्याकडची ती प्रसिद्ध तोड निघाली: ‘वॉल काढून टाका.’ गाडी तापते आहे ना? मग थर्मोस्टॅट काढावा, जागा मोकळी ठेवून झाकण लावून टाकावे. कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री हा सल्ला देतो, आणि ड्रायव्हर तो आनंदाने मानतो. या सल्ल्यात अज्ञान कमी आणि व्यवहार जास्त आहे. त्याकडे मी पुढे येतो. परंतु त्याचे एक अंग ध्यानात घेतले पाहिजे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी खालची एक आडवाट बंद करते. इंजिन गार असताना पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरावे म्हणून ही आडवाट ठेवलेली असते. थर्मोस्टॅटच काढून टाकला की ही आडवाट कायमची उघडी राहते. पाणी सोप्या वाटेने जाते, हा त्याचा स्वभाव आहे. मग बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच येते. म्हणजे सपाटीवर गाडी अतिगार आणि घाटात पुन्हा तापलेली, अशी दुहेरी शिक्षा. तापते म्हणून वॉल काढला, आणि वॉल काढला म्हणून तापते!

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गाडी तापली की गुन्हेगार थर्मोस्टॅटच, असे धरून चालू नये. इंजिन तापलेले आणि रेडिएटरचा खालचा पाइप मात्र गार, ही झडप बंद असल्याची खूण मानतात. पण रेडिएटर आतून तुंबला असेल तरीही हीच खूण दिसते. पाण्याची पातळी, फॅनचा पट्टा, रेडिएटरची गळती आणि टोपण, ही स्वस्त कारणे आधी पाहून मगच गाडी खोलावी. चांगला मिस्त्री पाना उचलण्यापूर्वी दहा मिनिटे नुसता पाहतो आणि ऐकतो. गिऱ्हाइकाला ती दहा मिनिटे रिकामी वाटतात.

आता प्रत्यक्ष काम. पुष्कळ गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनाच्या डोक्यावर, वरच्या पाइपाच्या तोंडाशी असतो. दोन बोल्ट सोडले की हातात येतो. त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. अडचण असते ती दुसऱ्या मांडणीत, जिथे तो पाणी इंजिनात शिरते त्या बाजूला, खाली, पंपाच्या अंगाशी बसविलेला असतो. ही मांडणी शास्त्राच्या दृष्टीने वाईट नव्हे. आत येणारे गार पाणी आणि आडवाटेने आलेले गरम पाणी यांची तेथे भेट होते, त्यामुळे उष्णता अधिक सारखी राहते. पण पुढे फॅन, वर अल्टरनेटर, बाजूला त्याची लोखंडी पकड आणि पट्टे! ज्याने हा आराखडा काढला, त्याच्यापुढे टेबलावर सुटे इंजिन होते. ज्याला तो उलगडावयाचा आहे, त्याच्यापुढे मडगार्ड आहे, बॉनेटचा दांडा आहे आणि पंधरा वर्षांचा चिखल आहे.

इंजिन पूर्ण गार झाल्यावाचून कामाला हात लावू नये. ही सूचना सर्वांनी ऐकलेली असते आणि घाईत सर्वजण ती मोडतात. रेडिएटरचे टोपण म्हणजे प्रेशर कुकरचे झाकण. आत सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब असल्यामुळे पाणी 115-120 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण फिरवले की दाब क्षणात जातो, आणि 110 अंशांचे पाणी उकळी येण्याची वाट न पाहता वाफ होऊन उसळते. एका गॅरेजमधल्या अठरा वर्षांच्या हेल्परची छाती आणि हनुवटी अशी भाजलेली मी इस्पितळात पाहिली आहे. गिऱ्हाईक घाईत होते, मालकाने ‘खोल रे’ म्हटले, आणि पोराने खोलले. तीन-चार माणसांचे गॅरेज कायद्याच्या व्याख्येत कारखाना ठरत नाही, त्यामुळे कारखान्याच्या निरीक्षकाची पायरी त्याला लागत नाही. त्या पोराचा औषधपाण्याचा खर्च आम्ही वर्गणी काढून केला.

टोपण उघडल्यावर खालच्या नळीतून पाणी तसराळ्यात काढून घ्यावे. कूलंट असेल तर ते गटारात सोडू नये. ते गोडसर आणि विषारी असते, कुत्री-गुरे ते चाटतात. मग बॅटरीची वजा बाजूची तार सोडावी. अल्टरनेटरची जाड तार सरळ बॅटरीशी जोडलेली असते; तिला पाना लागून तो गाडीच्या अंगाला टेकला तर ठिणगी उडते. पट्टा सैल करून अल्टरनेटर उतरवावा. काहीजण तो न उतरविता नुसता बाजूला ढकलून काम भागवू पाहतात. त्यात वाचलेला वेळ पुढे दुपटीने जातो.

आता झाकणाचे बोल्ट दिसू लागतात. सगळे नव्हे. एक बोल्ट हमखास मागच्या बाजूला असतो आणि तो डोळ्याऐवजी बोटाने पाहावा लागतो. झाकण ॲल्युमिनियमचे, बोल्ट लोखंडाचा, सोबतीला पाणी; या तिघांच्या सहवासात आट्यांमध्ये पांढरी भुकटी साचून बोल्ट जागच्या जागी जाम होतो. येथे जोर उपयोगाचा नाही. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल मारून ठेवावे. फिक्स पान्याने डोके गोल होते, म्हणून सहा पैलूंची गोटी, लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा जॉइंट घ्यावा. प्रथम बोल्ट किंचित घट्ट करावा, मग सोडावा, पुन्हा घट्ट, पुन्हा सोडावा. जाणकार मिस्त्री या वेळी बोलत नाही. बोल्ट सुटतो आहे की पिळवटतो आहे, हे त्याला मनगटात कळते. सुटणारा बोल्ट कुरकुरतो. तुटणारा एकदम मऊ लागतो. तो मऊपणा जाणवताच थांबले पाहिजे. न थांबल्यास बोल्टाचे मुंडके गोटीत येते आणि धड आत राहते. मग ते ड्रिलने पोखरून काढा, नवे आटे पाडा, आणि अर्ध्या दिवसाचे काम दोन दिवसांवर न्या. हे मनगट कोणत्या पुस्तकात मिळत नाही आणि कोणत्या पगारपत्रकात त्याचा रकाना नाही.

झाकण निघाले की जुना थर्मोस्टॅट कसा बसला होता हे आधी पाहून घ्यावे. मेणाची डबी आणि स्प्रिंग यांची बाजू इंजिनाकडे यावयास हवी. उलटा बसला तर मेणाला उष्णता कळणारच नाही. कित्येक थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असून त्यात डुलणारी टाचणी असते. पाणी भरताना कोंडलेली हवा त्यातून निसटते, आणि हवा वरच जात असल्यामुळे ते भोक वर आले पाहिजे. जुन्या पॅकिंगचे तुकडे बोथट पट्टीने खरवडून काढावेत. पेचकसाच्या टोकाने ॲल्युमिनियमवर चर पडला की तेथून पाणी झिरपते. नवे पॅकिंग किंवा रबरी कडे लावून थर्मोस्टॅट त्याच्या खाचेत बसवावा. झाकण आडवे किंवा उलट्या अंगाने लावावयाचे असल्यामुळे तो पुनःपुन्हा घसरतो. तो खाचेतून सरकलेला असताना बोल्ट आवळले तर झाकणाचा कान तुटतो. म्हणून कागदी पॅकिंगला गोंदासारखा किंचित मसाला लावून आधी ते चिकटवून घेतात. बोल्ट आळीपाळीने, मनगटाच्या जोराने आवळावेत. येथे खांद्याचे काम नाही.

पाणी आणि कूलंट भरताना घाई नको. गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर असेल तर उघडा ठेवावा, आणि टोपण उघडे ठेवूनच इंजिन गार असताना सुरू करून हळूहळू भरत जावे. थर्मोस्टॅटभोवती हवेचा फुगा राहिला तर मेणाला पाण्याचा स्पर्श होत नाही आणि नवी कोरी झडपही उशिरा उघडते. पाइप हाताने दाबून बुडबुडे काढावेत, मात्र फॅनपासून बाही दूर ठेवून. बुडबुडे थांबले आणि पातळी टिकली की टोपण लावावे. काही वेळाने खालचा पाइप हळूहळू गरम होतो. झडप उघडल्याची ती खूण.

आता तो व्यवहार, ज्याकडे येतो असे मी म्हटले होते. गिऱ्हाईक दुकानात जाऊन थर्मोस्टॅटची किंमत विचारून येते. मिस्त्री मजुरी सांगतो ती वस्तूच्या कितीतरी पट. गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढीशी वस्तू, दोन बोल्टांचे काम, आणि एवढे पैसे?’ घासाघीस होते. मिस्त्रीला ठाऊक असते की, तीन तास राबून आणि एक बोल्ट तोडण्याचा धोका पत्करून त्याच्या हातात तासाभराची मजुरी पडणार. एकदा झाकण उघडावे लागलेच, तर ‘वॉल काढून टाका’ असे तो म्हणतो, म्हणजे पुन्हा त्या जागी हात घालावा लागू नये. मी त्या सल्ल्याचे समर्थन करीत नाही. परंतु मजुरी कापणाऱ्याने सल्ला पूर्ण मिळावा अशी अपेक्षा करू नये. ड्रायव्हर स्वतः पगारी असेल तर आणखी एक गाठ पडते: घाटात गाडी तापली तर फेरी बुडाल्याचा ठपका त्याच्यावर, आणि डिझेल जास्त गेले तर तोही त्याच्यावरच. दोन्हीकडून तोच सापडतो. थर्मोस्टॅटच्या दुरुस्तीचा निर्णय मात्र त्याच्या हातात नसतो.

आमच्या सभासदांना आम्ही एक रीत घालून देत आहोत. बिलावर वस्तू आणि मजुरी वेगळी लिहावी, आणि मजुरीपुढे तास लिहावेत: पाणी काढणे, अल्टरनेटर उतरविणे व चढविणे, जाम बोल्ट सोडविणे, पाणी भरून हवा काढणे. काही मालकांना हे आवडत नाही. काही गिऱ्हाइकांना प्रथम आवडत नाही, मग पटते, कारण आपण कशाचे पैसे देतो हे त्यांना दिसते.

आणि जुना थर्मोस्टॅट फेकून न देता गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. घरी नेऊन त्याने तो पातेल्यात तपासावा. झडपेच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट त्या दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवावा, पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नये, कारण तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. चांगला थर्मोस्टॅट पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी, त्याच्यावर ठोकलेल्या आकड्याच्या आसपास, दोरा सोडून आपसूक खाली पडतो. ज्याचे मेण गळून गेले आहे, तो पाणी खळखळा उकळले तरी दोऱ्याला तसाच लटकत राहतो. आणि ज्याची झडप क्षाराने उघडीच अडकली आहे, तो गार पाण्यातसुद्धा दोरा धरीत नाही.